सेवानिवृत्त गोळी आणि बापू चौगुले

बापू चौगुले गेल्याची बातमी अख्ख्या मांडवाला माझ्या तोंडून कळली, आणि मलाही ती माझ्याच तोंडून कळली. माझा धंदा स्पीकरचा. लग्न असो, बारसं असो, म्हशींची मिरवणूक असो नाहीतर एखाद्या पतसंस्थेचा वाढदिवस. कर्णे माझे, माईक माझा आणि माईकच्या अलीकडचं तोंडही माझंच. या धंद्यात एक खोड लागते. कुणी खालून चिठ्ठी दिली की ती डोळ्यांनी वाचायच्या आधी तोंडानं वाचायची. ‘निळ्या रंगाची गाडी गेटला आडवी लागलीय, मालकांनी काढून घ्यावी’ किंवा ‘शिरोलीच्या पाहुण्यांची पर्स सापडली आहे’ असल्या चिठ्ठ्या वाचण्यात माझा जन्म गेला. त्या दुपारी कसबा बावड्यात एका सत्कारात अशीच चिठ्ठी आली आणि मी खणखणीत आवाजात सुरू केलं, “आपल्या बावड्याची शान, म्हशींचे राजे, सर्वांचे लाडके बापू चौगुले यांचं थोड्या वेळापूर्वी राहत्या घरी...” आणि पुढचा शब्द मला दिसला. माईक चालू. माणसं वर बघतायत. स्पीकर मंद घूं करतोय... मागून कुणीतरी ओरडलं, “वाच की पुढं! राहत्या घरी काय?” मला वाचता येईना. ज्याच्या आवाजानं पंचगंगेपलीकडची वासरं दचकतात असं लोक म्हणतात, त्या माझ्या घशातून उंदरानं चिरकावं तसा आवाज आला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर बापू वर बसल्या बसल्या माझ्याशी भांडण काढेल. तो गेला हृदयानं. फुप्फुसानं नव्हे. दुपारी पोटभर जेवला, भाकरी कडक झाली म्हणून कुरकुरला, पडवीत आडवा झाला आणि उठला नाही. फुप्फुसं शेवटपर्यंत ठणठणीत होती, हे त्याच्या घरातल्या मांजरालाही माहीत होतं. कारण बरा झाल्यावर काढलेला छातीचा फोटो त्यानं दारावरच्या काचेला चिकटवून टाकला होता. पोस्टमन आला तरी त्याला आधी फुप्फुसं बघावी लागत, मग सही मिळे.

बापूला ओळखत नाही असा माणूस कोल्हापुरात नसेल, पण हा लेख बाहेरगावीही जाणार, म्हणून सांगतो. बापूच्या म्हशी होत्या. आमच्याकडं संध्याकाळी शहरातल्या कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात. गिऱ्हाईक समोर उभं, म्हैस समोर उभी. धार थेट पेल्यात काढायची आणि फेसासकट, कोमट, तिथंच प्यायची. शंका काढायला मधे जागाच नाही. बापूच्या हौशी नावाच्या म्हशीच्या दुधाला फेस असा यायचा की पेला संपला तरी माणसाच्या मिशीवर तासभर दूध शिल्लक. एका गिऱ्हाइकानं त्या मिशीवर घरी जाऊन चहा केला असं मी माईकवरून अनेकदा सांगितलंय आणि कुणीही हरकत घेतलेली नाही. आणि दिवाळीचा पाडवा म्हणजे तर बापूचा दिवस. त्या दिवशी आमच्याकडं म्हशींना अंघोळ घालून, शिंगं रंगवून, मोरपिसं बांधून रस्त्यावर आणतात. मालक मोटारसायकलवर पुढं सुटतो आणि गर्दीतून, फटाक्यांतून, बिनदोरीची, बिनवेसणीची त्याची म्हैस फक्त त्याच्या गाडीच्या आवाजामागं पळत येते. हौशीला बापूच्या गाडीचा आवाज कळायचा. नुसता आवाज नव्हे, गाडीत पेट्रोल कमी आहे हेसुद्धा कळायचं.

अशा या बापूला खोकला झाला. मी म्हटलं दवाखान्यात जा, तो म्हणाला, “स्पीकर, तुझा आवाज कमी कर, माझा खोकला आपुआप कमी हुतोय.” मला तो कधी नावानं हाक मारत नसे, स्पीकर म्हणायचा. शेवटी टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या. थोड्या दिवसांत भूक लागली, अंगात ताकद आली, आणि बापूनं कोल्हापुरातला कुठलाही मर्द गडी करेल तेच केलं: बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या. पुढच्या पावसाळ्यात खोकला परत आला आणि या वेळी नेहमीच्या गोळ्यांना दाद देईना.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम तरुण, सोलापूरकडच्या, अंगानं एवढ्याशा. बापू समोर बसला की कपाटासमोर चमचा ठेवल्यासारखं वाटे. सोबत मी होतो. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही औषधं अर्धवट सोडलीत. जे जंतू उरले ते त्या औषधांना सरावले. आता ती औषधं त्यांच्यावर चालत नाहीत.”

बापू माझ्याकडं वळून म्हणाला, “म्हंजे जंतूबी कोल्हापूरचंच निघालं की रं.”

मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की यासाठी अगदी नवी औषधं फार थोडी आहेत, म्हणून काही जुनी, दुसऱ्याच आजारांसाठी वापरली जाणारी औषधं आता टीबीवर द्यायला लागलो आहोत, आणि ती चालतात. बापूनं डोकं खाजवलं. “म्हंजे जुन्या ट्रॅक्टरचं इंजान काढून गुऱ्हाळाला जोडत्यात तसं?”

“अगदी तसंच!” मॅडम पहिल्यांदा हसल्या. “फक्त गुऱ्हाळ मध्येच बंद करायचं नाही. दीड वर्षाच्या वर चालेल. या खेपेला सोडलंत तर माझ्याकडं तिसरं इंजिन नाही.”

हे शेवटचं वाक्य बापूनं ऐकलं. कारण बाहेर येऊन तो बराच वेळ गाडीला किक मारायची विसरला होता.

गोळ्यांचा ढीग मिळाला. त्यातली एक कॅप्सूल जांभळाच्या बीसारखी, गडद, गुळगुळीत. नाव क्लोफॅझिमिन. बापूनं ते एकदाच उच्चारून बघितलं, जीभ चावली, आणि तिचं नाव जांभूळ ठेवलं. मॅडमनी बजावलं होतं, हिच्यामुळं कातडीचा रंग काळपट-तांबूस होईल, घाबरायचं नाही, औषध संपलं की हळूहळू उतरेल. बापू म्हणाला, “मी कुठं नवरदेव हाय?” पण खरा अपमान दुसऱ्याच गोळीनं केला. ती दुधाबरोबर घ्यायची नव्हती, आधी-नंतर दोन तास दूध वर्ज्य. बापूचा चेहरा असा पडला की जणू त्याच्या घराण्यावर कुणी आरोप केला. “आजपातूर हौशीच्या दुधाला नगं म्हणणारा जन्माला आला नव्हता,” तो म्हणाला. “आणि आला तर ह्यो... गोळी!”

खोकल्यातून जंतू बाहेर पडतायत तोवर त्यानं गोठ्यात, कट्ट्यावर, माणसांत जायचं नव्हतं. ते त्यानं मुकाट पाळलं. धारा काढायला, कट्टा सांभाळायला शांतावहिनी उभी राहिली, बापूची बायको. घरातल्यांची तपासणी झाली, सगळे साफ. म्हशींचीही डॉक्टरांकडून तपासणी करवल्याशिवाय बापूला झोप लागेना, त्याही साफ. हे सगळं ठीक. प्रश्न एकच होता: लोकांना काय सांगायचं? दूधवाल्याला टीबी म्हटल्यावर कट्ट्यावर कुणी पेला पुढं करणार नाही, ही बापूची पक्की समजूत. दूध बंद म्हणजे म्हशी विका. हौशी विका. त्यापेक्षा मेलेलं बरं, आणि मरायचं नव्हतं म्हणून तर गोळ्या. असा तो पेच. त्यामुळं खरी गोष्ट घरातल्यांना, मला आणि मॅडमना सोडून कुणालाच माहीत नव्हती.

तोंडाला मास्क का, तर बापूनं ठोकून दिलं की सगळे दात काढलेत, कवळी यायचीय. मी माझ्यापरीनं भर घातली, की दाढ काढताना डॉक्टरांचा चिमटा वाकला. लोक हळहळले. कुणी मऊ शिरा पाठवला, कुणी पेज. तिसऱ्या का चौथ्या दिवशी हाच बिनदाताचा बापू परसात एकटा बसून उसाचं कांडं कडाकडा सोलून खाताना शेजारणीनं कुंपणावरून बघितला. वहिनीनं तिला सांगितलं, “हिरड्या लई कडक हायत त्येंच्या.” ती बाई अजून ते खरं मानते.

थुंकी स्वच्छ आली, मॅडमनी माणसांत जायला परवानगी दिली, आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतोय तोवर जांभळानं आपला रंग दाखवायला सुरुवात केली. आधी घाम. बापूचा घाम तांबूस यायला लागला. पांढरी बनियन गुलाबी, टोपीच्या आतली कड गुलाबी, उशीचा अभ्रा गुलाबी. बापूला ताबडतोब सुचलं. “जोतिबाला गेलतो. गुलाल हाय.” आमच्याकडं एवढं बोललं की विषय संपतो. जोतिबाच्या डोंगरावरून माणूस गुलाबी होऊनच खाली येतो. पण बनियन रोजच गुलाबी. मग लोक म्हणायला लागले, “बापू, परत गेलतास? भक्ती वाढलीया!” आता खोटं टिकवायला खरंच जावं लागलं. दर रविवारी बापू धापा टाकत डोंगर चढायला लागला. सोबत मी. माझे गुडघे त्याच काळात गेले, हे नमूद करून ठेवतो. भक्ती एवढी गाजली की गल्लीतल्या मंडळींनी यात्रेत सासनकाठीचा मान बापूला द्यायचं ठरवलं. ती उंच, जडशीळ काठी तोलत नाचवायची असते. ज्याला जिना चढताना मधे बसावं लागत होतं त्या बापूनं हात जोडून सांगितलं, “माझी योग्यता न्हाय.” त्यावर लोकांचे डोळे भरून आले. नम्रही आहे म्हणाले.

मग कातडी. बापू मूळचा उजळ, घाऱ्या डोळ्यांचा, त्याचा त्याला गुपचूप अभिमान. महिन्या-महिन्याला तो गडद होत गेला. आधी तांब्याचा बंब, मग गुळाची ढेप, मग काकवी. ऊन लागलं म्हणावं तर धो धो पाऊस चाललेला. हौशी मात्र खूश. पूर्वी ती बापूकडं मालक म्हणून बघायची, आता जाऊबाईकडं बघावं तशी बघून हंबरायला लागली. एकदा अंधारलेल्या गोठ्यात वहिनीनं पेंडेचं घमेलं हौशीपुढं ठेवायचं ते बापूपुढं ठेवलं असं मी सांगतो. वहिनी म्हणते असं काही झालं नाही. पण ती त्या वेळी अंधारात होती, तिला काय दिसणार?

इथवर सगळी गंमत होती. मग कांबळेकाका आले.

कांबळेकाका म्हणजे आमच्या बावड्यातले सगळ्यात सज्जन गृहस्थ. कुष्ठरोग खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर गावोगाव सायकलनं फिरून रोगी शोधले, जखमा धुतल्या, गोळ्या दिल्या, लोकांनी घरात घेतलं नाही तिथं दारात बसून रोग्याबरोबर चहा प्यायले. निवृत्तीनंतर बुद्धविहारात सकाळी मुलांना इंग्रजी शिकवत आणि बाकी दिवसभर काय करावं या विवंचनेत असत. त्यांनी एक दिवस बापूला रस्त्याच्या पलीकडून बघितलं आणि जागीच थांबले. तो रंग त्यांनी हजार माणसांच्या अंगावर बघितलेला. कारण ती जांभळासारखी कॅप्सूल आयुष्यभर त्यांच्याच पिशवीत होती. टीबीवर तीच आता देतात हे त्यांच्या निवृत्तीनंतरचं, ते त्यांना कुठलं माहीत असणार.

संध्याकाळची वेळ, गल्लीत सगळी दारं उघडी, बायका उंबऱ्यात. कांबळेकाका बापूच्या दारात उभे राहिले आणि आयुष्यभर रोग्याचा धीर वाढवायला काढलेल्या त्या भारदस्त, मोठ्या, प्रेमळ आवाजात म्हणाले, “बापू, जय भीम! लाजायचं नाही. कुष्ठरोग आता पूर्ण बरा होतो. मी आहे ना तुझ्या पाठीशी!”

माझा अठरा इंचाचा कर्णा जे करू शकला नसता ते त्या एका वाक्यानं केलं. गल्लीत भांडं पडल्याचा आवाज आला. एक दार बंद झालं. मग दुसरं. बापू तोंड उघडं ठेवून उभा. नाही म्हणावं, तर मग हा रंग कशाचा? टीबी म्हणावं, तर एवढे दिवस पोटात ठेवलेलं उघडं पडतंय. दोन आजारांच्या मधोमध तो उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, “काका, च्या घेणार?”

काका चहा घेऊन, पाठीवर हात फिरवून, समाधानानं गेले.

त्या आठवड्यात कट्ट्यावर हौशी उभी, वहिनी उभी, पेले धुऊन ठेवलेले, आणि गिऱ्हाइकं पलीकडच्या म्हशीपुढं रांग लावून. रोगाचा विषय कुणी काढला नाही. उलट सगळे फारच गोड बोलत होते. एकजण म्हणाला, “साखर वाढलीया वहिनी, दूध बंद केलंय,” आणि तिथंच पलीकडच्या म्हशीचा मोठा पेला प्याला. बापू घरात बसून राहिला. मला म्हणाला, “स्पीकर, टीबी लपवायला एवढं केलं... आणि नसलेला रोग मिळाला रं मला.” बापूला हसता येत नाही असं मी पहिल्यांदाच बघितलं.

मग त्यानं ठरवलं की रंग घालवायचा. म्हणजे जांभूळ बंद करायचं. हे तो कुणालाच बोलला नाही. गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायचं, ढेकर द्यायचा, आणि परसात जाऊन थुंकायची. हे कसं उघडकीला आलं ते मी सांगतो, विश्वास ठेवणं न ठेवणं तुमच्यावर. परसात कोंबड्या होत्या. त्यातली एक पांढरीशुभ्र. ती हळूहळू तांबूस व्हायला लागली. आधी मान, मग पंख. वहिनी काही दिवस बघत राहिली. एका दुपारी ती कोंबडी काखेत घेऊन बापूसमोर उभी राहिली. मी तिथंच होतो.

“ही कोंबडी जोतिबाला गेलती काय?” वहिनीनं विचारलं.

बापू कोंबडीकडं बघायला लागला.

“का हिला टीबी झालाय?”

“शांते, रंग जाऊ दे आधी. लोकं परत येतील. मग घेतो.”

“मॅडम काय म्हणाल्या? तिसरं इंजान हाय काय त्येंच्याकडं?”

“न्हाय.”

“मग?” वहिनीनं कोंबडी खाली सोडली. तिचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळंच मला तिथून उठून जावंसं वाटायला लागलं. “तुमी काळं झालासा तरी मला दिसतासा. गेलासा तर दिसणार न्हाईसा. एवढंच मला कळतंय. म्हशी विकायच्या तर विकू. आणि उद्यापासनं गोळी घेतली की तोंड उघडायचं माझ्यासमोर. आ करून. जीभ वर करून.”

बापूनं मान हलवली. पण तोही चौगुल्यांचा. म्हणाला, “पाडव्यापातूर घेतो. पाडव्याला हौशीला घेऊन रस्त्यावर उतरणार. लोकं बाजूला सरली, तर मग मी कुणाचं ऐकणार न्हाय. काळं होऊन एकट्यानं जगायचं, त्यापेक्षा...”  

पाडव्याला माईकवर मी होतो. मी नेहमीसारखं सुरू केलं, की पुढच्या चौकातून येत आहे ती हौशी, जिच्या शिंगांवर विमानं उतरतील! बापूच्या गाडीचा फटफटाट ऐकू आला. हौशी मागं, माती उडवत, मोरपिसं हलवत, डोळे फक्त त्याच्यावर. दर वर्षी या क्षणी माणसं आत घुसतात, हौशीच्या पाठीवर थाप, बापूच्या पाठीवर थाप. त्या दिवशी रस्ता आपोआप रुंद झाला. गर्दी दोन्हीकडं भिंतीसारखी मागं सरली. एवढा मोकळा रस्ता आमच्याकडं मंत्री आला तरी होत नाही. बापू व्यासपीठापुढं थांबला. पहिल्या म्हशीच्या मालकाला फेटा बांधायचा मान असतो. फेटा ताटात. बांधणारा म्हणाला, “जरा हात दुखतोय माझा.” दुसरा म्हणाला, “मला बांधायला येत न्हाय.” आणि सगळेच आपापल्या चपलांकडं बघायला लागले.

बापूनं गाडी स्टँडला लावली. वर आला. माझ्या हातातनं माईक घेतला. मला वाटलं आता हा शिव्या देणार, म्हणून मी आवाज कमी करायला बटणाकडं हात नेला. तो म्हणाला, “वाढीव.”

मी वाढवला.

“ऐका की रं! मला कुष्ठरोग न्हाय! मला टीबी हाय!”

हौशीनं फुरफुर केली तेवढीच.

“छातीचा टीबी! साध्या गोळीला न ऐकणारा! आता थुंकी साफ हाय, माझ्यापासनं कुणाला काय हुत न्हाय. पर गोळ्या अजून हायत, आणि त्या गोळीनं मी काळा झालोय!”

गर्दीतनं एक म्हातारा ओरडला, “मग आदी का न्हाय सांगितलास?”

“तुमी दूध प्यायचं सोडशीला म्हणून!”

“आता बी सोडलंयच की!”

बापू थांबला. मान तिरकी करून विचार केला. “व्हय की,” तो म्हणाला. माईकवरनं. पूर्ण व्हॉल्यूममधे.

आणि कुणीतरी हसलं. मग दुसरं. मग सगळा चौक असा हसला की फटाक्यांची माळ लावणाऱ्याला वाटलं, माळ पेटलीच. पण फेटा अजून ताटातच होता. तेवढ्यात गर्दी बाजूला करत कांबळेकाका वर आले. चेहरा रागानं लाल. मला वाटलं चूक कळली म्हणून माफी मागतील. त्यांनी माईक हिसकावला.

“आणि कुष्ठरोग असता तर?” ते गरजले. “तर फेटा बांधला नसता? तोही गोळ्यांनी बरा होतो! मी आयुष्यभर तुमच्याच गावांत घसा फोडून सांगितलं, ते काय भिंतींना सांगितलं? अरे, हा रंग मी जन्मभर बघितलाय. ज्याच्या अंगावर हा रंग चढला, तो गोळी घेतोय, तो बरा होतोय, असं आम्ही समजायचो. आणि तुम्ही त्याच्यापासून लांब पळताय!”

मग त्यांनी ताटातला फेटा उचलला. आता गंमत अशी, की कांबळेकाकांनी आयुष्यात फेटा कधी बांधलेला नव्हता. बांधली होती ती फक्त बँडेजं. त्यांचे हात सवयीनं चालले. कपाळावरून एक वेढा, हनुवटीखालून एक, कानामागून घट्ट, टोक व्यवस्थित खोचलेलं. झाल्यावर बापू म्हशींचा राजा न दिसता एसटीखाली सापडलेला माणूस दिसत होता. पण कोल्हापुरात त्याच्याइतका घट्ट फेटा कुणाच्या डोक्यावर बसला नसेल. दुसऱ्या दिवशी कात्रीनं कापून काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी काका मॅडमकडं स्वतः गेले आणि आपली चूक कशी झाली ते समजून घेऊन आले. मॅडमनी त्यांना त्या गोळीची कुंडली सांगितली. ती मुळात टीबीसाठीच शोधलेली, पण तेव्हा तिथं तिचं फारसं काही जमलं नाही. मग ती कुष्ठरोगाकडं गेली, तिथं नाव काढलं. आणि आता म्हातारपणी, टीबीचे जंतू इतरांना ऐकेनात म्हटल्यावर, तिला परत पहिल्या खात्यात बोलावलं. काकांना हे इतकं आवडलं की त्यांनी तीच नोकरी स्वतःही धरली. रोज सकाळी पांढरा शर्ट इस्त्री करून बापूच्या दारात हजर. बापू मला म्हणायचा, “गोळीबी रिटायर, कांबळेबी रिटायर, आणि दोघांचीबी ड्यूटी माझ्यावर. सरकारला दुसरं कोण घावलं न्हाय बग.” काका गोळी देत, समोर बसून घशाखाली उतरलेली बघत, आणि मग दोन तास थांबून हौशीच्या दुधाचा चहा पिऊन जात. बापूला दूध वर्ज्य असलेले ते दोन तास काका त्याला इंग्रजी शिकवायचा प्रयत्न करत. बापू एकच वाक्य शिकला आणि ते मॅडमना म्हणून दाखवलं. ते इथं छापता येणार नाही, कारण त्याचा अर्थ काकांनाही लागला नव्हता.

गिऱ्हाइकं परत आली का? आली. सगळी नाही. साखर वाढलेला तो गृहस्थ कधीच आला नाही. पण दुसरी माणसं यायला लागली, कट्ट्यावर नव्हे, गोठ्याच्या मागच्या दारानं. पन्हाळ्याकडची एक बाई, एमआयडीसीतला एक फिटर, कुणाची सून. तोंडाला पदर, डोळे खाली. “बापू, मलाबी तीच गोळी दिलीया... रंगाचं कसं वो?” बापू सदरा वर करून पोट दाखवायचा. “बग. हात लाव. म्हशीवाणी झालोय. आणि कसा बोलतोय बग.” त्याचा कोर्स संपला, मॅडमनी पेढे वाटले, फुप्फुसं दारावर चिकटली. पुढं महिन्या-महिन्यानं रंग उतरायला लागला, तेव्हा हा गडी त्यांच्याकडं तक्रार घेऊन गेला: “मॅडम, मी उजळायलोय. आता नव्या पेशंटला दावू काय?” मॅडमनी समजावलं की हे चांगलं लक्षण आहे. बापू हिरमुसला होऊन आला. ज्याला रंगापायी मरायचं होतं तो आता आरशात कोपर बघत बसायचा, अजून थोडा आहे म्हणायचा. पुढची कित्येक वर्षं मागचं दार उघडंच होतं. कुणी गोळी सोडली असं कळलं की बापू त्याच्या दारात जाऊन मोटारसायकल रेज करत उभा राहायचा. अख्खी गल्ली बाहेर आली की पेशंट मुकाट गोळी घ्यायचा.

बापूचे दिवस झाले त्याच्या आदल्या दिवशी फोटोचा प्रश्न निघाला. भिंतीवर कुठला लावायचा. पुतण्यानं एक आणला होता, ऐन उमेदीतला, उजळ, केस तेल लावून मागं फिरवलेले, डोळे घारे. त्यात कॉम्प्युटरवर मागं पन्हाळ्याचा तट घातला होता. सगळे म्हणाले छान आहे. वहिनी उठली आणि मोबाइल घेऊन आली. कांबळेकाका मधे काही दिवस मुलीकडं गेले होते, तेव्हा काकांना पुरावा म्हणून ती रोज बापूचा गोळी घेतलेला फोटो पाठवायची. त्यातला एक तिनं पुढं केला. काकवीच्या रंगाचा बापू, उलट्या बादलीवर बसलेला, तोंड हे एवढं उघडं, जीभ वर, डोळ्यांत सगळ्या जगाला दिलेली शिवी.

“काकी, ह्यात तोंड उघडं हाय की,” पुतण्या म्हणाला. “लोकं काय म्हणतील?”

“उघडं हाय म्हणूनच त्ये एवढी वर्सं माझ्यासंगं होते,” वहिनी म्हणाली. “ह्योच लाव.”

आता तो तिथंच आहे. भेटायला येणारी माणसं हार घेऊन आत येतात, मान वर करतात, आणि तोंडावर आलेलं दुःख कुठं ठेवावं हे त्यांना कळत नाही. मी परवा गेलो तेव्हा वहिनी खुर्चीवर चढून काच पुसत होती. पदरानं एकदा पुसली, दुसऱ्यांदा पुसली, आणि मग खाली उतरायच्या आधी थोडी वाकून, डोळे बारीक करून त्या उघड्या तोंडात बघितलं... गोळी गेली का.